दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लहान गावांतले हॉटेलवाले नाझींच्या मागे का गेले?

उत्तर द्यायचं नव्हतं, पण आमच्या घरात हाच वाद वीस वर्षं चालू आहे. माझ्या वडिलांचं एसटी स्टँडसमोर अकरा खोल्यांचं लॉज होतं.

आधी ब्रुनो ब्यूखनर. सायकल शर्यती गाजवलेला माणूस, पुढे वैमानिक. १९१४ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत त्याने विमान उडवलं. महायुद्धानंतर बव्हेरियात, ओबरझाल्झबर्गच्या डोंगरावर तो आणि त्याची बायको ‘पेन्शन मोरिट्झ’ नावाचं छोटं हॉटेल (तिकडे अशा हॉटेलला ‘पेन्शन’ म्हणतात) चालवू लागले. १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या बदनामीचं वॉरंट चुकवत हिटलरचा गुरू डीट्रिख एकार्ट तिथे लपला होता. त्याला भेटायला हिटलर आला, तो ‘वोल्फ’ या नावाने. पाहुणा कोण ते पुढे उघड झालं, तरी दार बंद झालं नाही. तुरुंगातून सुटल्यावर हिटलरने आत्मचरित्राचा दुसरा भाग याच पेन्शनच्या मागच्या झोपडीत लिहवून घेतला. मग डोंगर ‘साहेबांचा’, म्हणजे हिटलरचा झाला आणि १९३६ मध्ये त्याचा खास माणूस बोरमान याने ब्यूखनरलाच बाहेर काढलं. शेजारच्या ‘त्सुम ट्युर्केन’ हॉटेलच्या मालकाला तर १९३३ मध्येच जावं लागलं होतं.

आता आमचं. एका निवडणुकीच्या आधी एका पक्षाची माणसं आली. चार खोल्या, पंधरा दिवस, पैसे आगाऊ. रात्री चहा घेऊन गेलेल्या पोऱ्याने त्यांचं बोलणं ऐकलं. स्टँडमागच्या मुसलमान शिंप्याच्या दुकानावर दगड कधी टाकायचे, याचं ते बोलणं होतं. बाबांनी सकाळी पैसे परत केले आणि खोल्या रिकाम्या करायला लावल्या. त्यानंतर परवाना दरवर्षी अडायचा, गिऱ्हाईक तुटलं आणि नऊ वर्षांनी लॉज विकावं लागलं. काकाचं म्हणणं आजही तेच: ‘धंद्याला पक्ष नसतो, गिऱ्हाईक हाच देव. दादाने हट्टापायी लॉज घालवलं.’

माझं मत स्पष्ट आहे. खोली देणं हे राजकारणच. ज्याच्या बैठकीला तुम्ही चहा पाठवता, त्याच्या कामात तुमचा हात असतो.

तुमच्या प्रश्नातलं ‘का’ राहिलं. आल्प्समध्ये मंदी हे मोठं कारण होतं. शिवाय १९३३ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या आपल्या प्रवाशांवर हजार मार्कांची फी लावली. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची हॉटेलं ओस पडली, आणि नाझी आले की पाहुणे परत येतील असं पुष्कळांना वाटू लागलं. टिरोलचा नाझी प्रमुख फ्रान्झ होफर हाही एका हॉटेलवाल्याचाच मुलगा. अर्थात सगळेच हॉटेलवाले तसे नव्हते, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला मी इथे बसून शिव्या देणार नाही. ब्यूखनर मात्र नुसता भुकेपोटी गेला असं मला वाटत नाही.

मागच्या वर्षी मी ओबरझाल्झबर्गला जाऊन आलो. त्या हॉटेलचं पुढे नाव बदललं, नाझींनी ते अवाढव्य वाढवलं, युद्धानंतर अमेरिकन सैन्याने वापरलं आणि शेवटी ते पाडण्यात आलं. आता तिथे गाड्या उभ्या असतात. तिथूनच काकाला फोन केला. तो म्हणाला, ‘पण त्याचं तेरा वर्षं तर चाललं ना?’

आमचं बाबांनी नाही म्हटल्यावरही नऊ वर्षं चाललं, काका. आणि त्या शिंप्याचा मुलगा आजही त्याच दुकानात बसतो.