पुणे ते स्टुटगार्ट: कामांच्या तारखा एकमेकींना कशा बांधायच्या

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टला राहायला यायचं म्हणून टूडूइस्ट या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये साठेक कामं टाकली, प्रत्येकाला तारीख दिली, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट १२ दिवस पुढे गेल्याबरोबर अख्खा रविवार तारखा बदलण्यात गेला. एक तारीख हलवली की पुढच्या आपोआप हलतील असं काही करता येतं का, हा तुमचा प्रश्न. येतं, पण नुसत्या टूडूइस्टमध्ये नाही. एक काम दुसऱ्यावर अडलंय हे त्या ॲपला सांगायची सोयच नाही. मी नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून स्टुटगार्टला आलो, त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांना ही मांडणी करून दिली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमची यादी पुन्हा चाळा. साठांपैकी पक्क्या तारखा किती? व्हिसाची अपॉइंटमेंट, पासपोर्टची मुदत, कदाचित मुलीच्या शाळेचं सत्र. बाकी सगळं 'अमुक झाल्यावर इतक्या दिवसांनी' असं आहे. म्हणजे ती अंतरं आहेत. तुम्ही अंतराच्या जागी तारीख लिहिलीत, म्हणून रविवार गेला.

अंतरं ठेवायला गूगल शीट्स पुरतं. पाच रकाने करा: काम, कोणत्या कामानंतर, किती दिवसांनी, अंदाजाची तारीख आणि झालं ती तारीख. अंदाजाच्या तारखेत आकडा हाताने लिहायचा नाही, तिथे फॉर्म्युला: आधीच्या कामाची तारीख अधिक दिवस. त्यातही 'इफ' लावा. आधीच्या कामापुढे 'झालं ती तारीख' भरलेली असेल तर ती धरायची, नसेल तर अंदाजाची. एवढ्याने पत्रक जिवंत होतं. एखादं काम चार दिवस लवकर उरकलं तरी पुढची साखळी तेवढी अलीकडे येते. सरकारी कामांसाठी साध्या बेरजेऐवजी 'वर्कडे' वापरा, ते शनिवार-रविवार सोडून मोजतं. सुट्ट्यांची यादी मात्र आपण द्यायची. इकडे ३ ऑक्टोबर देशभर बंद असतो, आणि आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ६ जानेवारी आणि १ नोव्हेंबरही.

आता एक जागा नीट बघा, कारण इथे तारीख सरकत नाही, उडी मारते. समजा व्हिसा हातात पडून २३ मेला तुम्ही राजीनामा दिलात. ९० दिवसांची नोटीस २१ ऑगस्टला संपते, १ सप्टेंबरला रुजू होता येतं. हेच १२ दिवस पुढे गेलं तर राजीनामा ४ जूनला आणि नोटीस संपते २ सप्टेंबरला. इथले बहुतेक करार महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतात, म्हणजे तुम्ही थेट १ ऑक्टोबरवर जाता. विलंब १२ दिवसांचा, फटका महिन्याचा, आणि मधल्या महिन्याचं घरभाडं कुठलं धरायचं हा प्रश्न वेगळाच. या ओळीत 'इओमंथ' हे फंक्शन घाला, ते महिन्याची शेवटची तारीख देतं, त्यात एक मिळवला की पुढच्या महिन्याची पहिली तारीख मिळते. आणि व्हिसा हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका, कंपनीचा माणूस फोनवर कितीही खात्री देवो.

इथे उतरल्यावरची साखळी छोटी आहे, पण तिचा एकेक दुवा टपालाने येतो. घरात राहायला आलात की १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या जागेत ते देतात का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. नोंदणी झाली की काही आठवड्यांत ११ अंकी करक्रमांक पत्राने येतो, आणि तो पगार काढणाऱ्यांना द्यायचा. नोंदणीची अपॉइंटमेंट पुण्यात बसूनच घ्या, मोठ्या शहरांत त्या लवकर भरतात. तुमचा व्हिसा संपायच्या आत निवासपरवान्याचा अर्जही करायचा असतो. त्याची ओळ व्हिसाच्या शेवटच्या तारखेपासून उलटी मोजा, दिवसांचा आकडा उणे टाकला की झालं.

माझ्या यादीत हे सगळं होतं. नव्हतं ते एकच, टपालपेटीवर नाव. इकडे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, फ्लॅटला बहुधा नंबरच नसतो. पेटीवरचं आडनाव जुळलं तरच पत्र आत पडतं. पेटीवर मूळ भाडेकरूचंच नाव राहिलं होतं, आणि माझं करक्रमांकाचं पत्र परत गेलं. दुसऱ्यांदा मागवलं तरी ते टपालानेच येतं, फोनवर सांगत नाहीत. तोवर पगारातून कर सगळ्यात चढ्या वर्गाने कापला गेला. पैसे पुढे परत मिळाले, पण नोव्हेंबरमध्ये, बायको आणि सहा महिन्यांचं बाळ सोबत असताना, ते हातात नव्हते. म्हणून सांगतो, वाट पाहणं हेसुद्धा एक काम समजा आणि त्याला स्वतःची ओळ द्या: 'पत्र यायला हवं', आणि त्याखाली 'नाही आलं तर विचारणे'.

टूडूइस्ट टाकून देऊ नका. दर रविवारी शीट उघडा आणि प्रत्येक साखळीतलं फक्त पुढचं एक काम तिथे टाका. साठ लाल तारखा रोज बघून माणूस खचतो, पाच कामं उरकतात. घरमालकाला आठवण करण्यासारख्या कामाला 'एव्हरी' या शब्दाला चिकटून उद्गारचिन्ह द्या आणि पुढे चार दिवस लिहा, म्हणजे काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून पुढचे चार दिवस मोजले जातात. घरात सगळे ॲपल वापरत असाल तर ओम्नीफोकस या तशाच ॲपमध्ये प्रोजेक्ट सिक्वेन्शियल, म्हणजे क्रमाने चालणारा, करता येतो, एक काम झालं की दुसरं समोर येतं. पण तारखा तोही पुन्हा मोजून देत नाही, त्यामुळे शीट लागतेच.

तुमच्या मिसेसच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे असं तुम्ही लिहिलंय. मग घराची किल्ली मिळेल त्याच दिवशीची ओळ आत्ताच भरून ठेवा: पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगने.