“मॅडम, तो मुंग्या पाळतो!”

मी समुपदेशक. शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे पालकांची एक तक्रार हमखास येते: “मुलगा एकलकोंडा झालाय.” कुणाचा बुद्धिबळात बुडालेला असतो, कुणाचा जुन्या नाण्यांत. यंदा घोडबंदर रोडवरच्या एक आई आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, तो मुंग्या पाळतो! चौदा वर्षांचा घोडा झालाय. माझा पावडरचा डबा संपवला.”

बरणीच्या आतल्या काठाला पावडर लावली की मुंगीचे पाय घसरतात, ती बाहेर पडत नाही. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवणारी मी. ऐकूनच अंगावर काटा आला.

दोन भेटी आईच बोलल्या. तिसऱ्या भेटीत त्यांना म्हटलं, “आज तुम्ही फक्त ऐकायचं.”

मुलाने लाल कागदात गुंडाळलेली काचेची नळी काढली. तळाला पाणी, मग कापूस, पुढे राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. पहिल्या पावसानंतर सोसायटीच्या दिव्याखाली सापडलेली. जात इथलीच, फायडोले; कामकरी मुंग्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या. राणी पंख गाळून टाकते आणि स्वतःला कोंडून घेते. उडण्याचे स्नायू अंगातच जिरतात, त्यावर पहिली पिल्लं पोसते.

“तोवर ती काहीच खात नाही?” आईंना राहवलं नाही.

“नाही. फक्त सारखं उघडून बघायचं नाही. बिथरली तर स्वतःचीच अंडी खाते.”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग आई हळूच म्हणाल्या, “मी दिवसातून किती वेळा तुझ्या खोलीचं दार उघडते रे?”

“आठ-दहा वेळा.”

मी गप्प राहिले. गप्प कधी बसायचं, एवढं मात्र मला या कामात नीट जमलंय. आणि हे वाक्य मला सुचलं असतं, तर फी वाढवली असती!

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी: त्रास घटनेतून कमी, ‘असंच झालं पाहिजे’ या हट्टातून जास्त होतो, असं तो सांगायचा. आईंचा त्रास मुंग्यांत नव्हता, ‘त्याने चारचौघांत मिसळलंच पाहिजे’ मधल्या ‘च’मध्ये होता. एकटं असणं वेगळं, एकटं पडणं वेगळं. म्हणून पालकांना मी विचारते: झोप, जेवण, शाळा ठीक आहे? हाक मारली तर छंद सोडून उठतो? त्याबद्दल भरभरून बोलावं असं एक तरी माणूस त्याला आहे? हा तर माझ्याशी चाळीस मिनिटं बोलला. मुलाचं जुन्या छंदातूनही मन उडालं, सगळ्यांशीच बोलणं तुटलं, तर मात्र थांबू नका, लगेच मदत घ्या.

ठरलं एवढंच: आईंनी दार वाजवून आत जायचं, आणि रविवारी त्याने आपणहून नळी दाखवायची.

ऑगस्टमध्ये आईंचा मेसेज आला. “बारा झाल्या म्हणतो. मधाचा थेंब आणि मेलेला डास दिलाय. मी अजून पाहिल्या नाहीत, आज गुरुवार आहे.”