घरगुती फराळ विकते. प्लास्टिकऐवजी कागदी खोके वापरले तर पर्यावरणाला खरंच फायदा होतो का?

होतो, पण सगळे सांगतात त्या कारणाने नाही. ‘झाडं वाचतात’ वगैरे सोडून द्या, प्लास्टिकसाठी कुणी झाड तोडत नाही. उलट कागद करायला पाणी आणि वाफ भरपूर लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 साली हिशेब मांडला होता: कागदी पिशवी तीनदा वापरली, तरच तापमानवाढीच्या बाबतीत ती एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आपल्याकडची कागदी पिशवी भाजी घेऊन घरापर्यंत टिकली तरी पुष्कळ.

खरा फायदा वापर झाल्यावर दिसतो. मी भोसरीत पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या युनिटमध्ये आहे. आमच्याकडे कटिंगची कात्रणसुद्धा गठ्ठे बांधून विकली जाते. ती मिलमध्ये जाते, तिचा लगदा होतो आणि पुन्हा क्राफ्ट पेपरचे, म्हणजे खोक्याच्या जाड तपकिरी कागदाचे, रोल तयार होतात. थर चिकटवायची खळही मक्याच्या स्टार्चची असते, त्यामुळे लगदा करताना ती आड येत नाही. धागे दर फेरीला आखूड होतात, तरी पाच-सात फेऱ्या निघतात. घरातला कोरडा खोका रद्दीवाला किलोवर नेतो. फरसाणाच्या तेलकट प्लास्टिक पिशवीला मात्र भंगारवालाही हात लावत नाही, ती नाल्यात जाते. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत पिशव्यांवर एवढी ओरड झाली ती तुंबलेल्या गटारांमुळेच.

म्हणून खोका घेताना कोपरा फाडून बघा. फाटताना कडेला पातळ पापुद्रा ताणला गेला, तर वर प्लास्टिकचं लॅमिनेशन आहे. दिवाळीतले चकचकीत सोनेरी खोके बहुतेक असेच. दिसतात कागदाचे, पण रद्दीच्या भावात जात नाहीत. साधा तपकिरी किंवा नुसत्या छपाईचा घ्या. आत बटर पेपर घाला, म्हणजे चकलीचं तेल पुठ्ठ्याला लागणार नाही. तेलकट पुठ्ठा रद्दीतून बाद होतो. वर्तमानपत्रात मात्र काही गुंडाळू नका. शाईमुळे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, त्याला मनाई आहे.

लाडू, करंज्या, शंकरपाळे खोक्यात छान राहतात. चिवडा-शेवेचं तसं नाही, कागदातून दमट हवा लागते आणि दोन दिवसांत मऊ पडतात. त्यांना आत जाड पिशवी लागणारच. जवळच्या गिऱ्हाइकांना सरळ त्यांचेच डबे आणायला सांगा, खोक्याचा खर्चही वाचेल.