माझी बहीण शिक्षिका आहे, तिला एएलएस झाल्याचं निदान झालंय. तिने राजीनामा देऊन रुग्णांसाठी काम सुरू करावं का?

राजीनामा अजिबात नको. बाकीचं नंतर वाचा, हे आधी ताईंना वाचून दाखवा.

तुम्ही लिहिलंय की ताई अनुदानित माध्यमिक शाळेत आहेत, उजव्या हाताने फळ्यावर लिहिता येत नाही आणि मुख्याध्यापक भेटले की "आता तब्येतीकडे लक्ष द्या" म्हणतात. ही काळजीची भाषा मी जवळून ऐकली आहे, म्हणूनच लिहायला बसले. स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि स्नायू दुबळे होत जातात, तो हा आजार; याहून जास्त माहिती देत बसत नाही, ती तुम्ही एव्हाना वाचलीच असेल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायचे. भूमिती माझ्या जिव्हाळ्याची. फळ्यावर लाकडी कंपासने त्रिकोणाचं परिवर्तुळ काढताना खडूचा पाय हातातून निसटायला लागला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसत गेला आणि तिथे खड्डा पडला. दंड सारखा लवायचा, डोळा लवतो तसा. दुखत मात्र काहीच नव्हतं. मानेचा एमआरआय झाला, मणक्यात झीज निघाली (चाळिशीनंतर कुणाच्या निघत नाही?), गळ्यात पट्टा आला आणि मानेच्या ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) करून एमएनडी, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज, सांगितलं. आपल्याकडे डॉक्टर एएलएसला बहुतेकदा याच नावाने ओळखतात.

शाळेत कळलं आणि थोड्याच दिवसांत संस्थेचे सचिव आणि मुख्याध्यापक घरी आले. शाल, श्रीफळ आणि टाइप करून आणलेला अर्ज. "प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे." खाली माझं नाव, तारखेची जागा कोरी. सचिव म्हणाले, "बाई, मोठा समारंभ करू, माजी विद्यार्थ्यांना बोलावू." माझा थोरला भाऊ शेजारीच बसला होता. दादा स्वतः मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. त्याने खिशाचं पेन काढून टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाला, "ज्याला फळ्यासमोर उभं राहता येत नाही, त्याने मस्टरवर सही करू नये. मानाने बाहेर पड."

मी पेन घेतलं नाही. कोरी तारीख असलेल्या कागदावर सही करायची नसते, हे मी दहावीच्या मुलांना सांगत आले होते.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २०, पोटकलम ४. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि पदही उतरवता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. "आमची शाळा खासगी संस्थेची आहे" हे उत्तर तुम्हाला मिळेलच. कायद्याच्या व्याख्येतच सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्था येतात, हे त्यांना लेखी कळवा. १९९५च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ खाली हेच संरक्षण होतं, ही काही नवी मेहेरबानी नव्हे. उलट निवृत्तिवेतन नियम १९८२ प्रमाणे स्वतःहून राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते. सेवेत असताना काही बरंवाईट झालं तर कुटुंबाला जे मिळतं, त्याच्यावरही पाणी सोडावं लागतं. समारंभाचं आमंत्रण घेऊन येणारे हे सांगत नाहीत.

माझी फाईल शिक्षणाधिकारी कार्यालयात पडून राहिली. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार गेल्यावर ती हलली आणि मला त्याच पगारावर कार्यालयातलं काम मिळालं. दादा त्याला आजही फुकटचा पगार म्हणतो. दादा, मी जनगणना केली, निवडणुकीत रात्रभर मतदान केंद्रावर बसले, मे महिन्यात बोर्डाचे पेपर तपासले. त्यातलं एकही काम फळ्यासमोर नव्हतं. माणूस उभा राहतो म्हणून त्याला पगार देत नाहीत.

वर्ग मात्र मी सोडला, आणि तो निर्णय माझा होता. जीभ जड व्हायला लागली, "समद्विभुज" तोंडातून स्पष्ट येईना. पहिल्या बाकावरची एक मुलगी माझं प्रत्येक वाक्य मागे वळून मोठ्याने म्हणायला लागली, मागच्या मुलांना कळावं म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोरीला दहावीचं गणित स्वतःसाठी ऐकायला मिळालं पाहिजे, असं मला वाटलं आणि पुढच्या आठवड्यापासून तास दुसऱ्या सरांकडे दिले. ताईंनाही वर्ग कधी सोडायचा हे ठरवू द्या. नोकरी सोडणं आणि वर्ग सोडणं यांची गल्लत करू नका, घरातल्या कुणाला करू देऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न, रुग्णांसाठीचं काम झेपेल का. झेपेल, पण तिथेही दादासारखी माणसं भेटतील. "आजार चारचौघांत सांगू नये, लोक कीव करतात." २०१४मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतायचं आव्हान जगभर गाजलं, ते पसरवणारे पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन स्वतः एएलएसचे रुग्ण होते. अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे त्यातून साडेअकरा कोटी डॉलर जमले. याला भीक म्हणत नाहीत. आपल्याकडेही हौसेने पाणी ओतलं गेलं, पण आजाराचं नाव किती जणांच्या लक्षात राहिलं? आणि कृपा करून ताईंना स्टीफन हॉकिंगचं उदाहरण देऊ नका. १९६३मध्ये निदान होऊन २०१८पर्यंत जगणं हा अपवादातला अपवाद आहे. दहा वर्षांपलीकडे जाणारे साधारण दहातले एक असतात.

माझं काम साधं आहे. दिव्यांग प्रमाणपत्राला जाणाऱ्या घरांना मी आधी भेटते, आता बहुतेक वेळा मेसेजवर. कायद्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या आजारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन नावानिशी आहेत, एएलएस नाही. मग प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळावरचे डॉक्टर आज हात किती हलतो एवढंच बघतात, टक्के कमी पडतात आणि ४० टक्क्यांच्या खाली आलं की बहुतेक सवलती बंद. एका सरकारी रुग्णालयाने तर एका गृहस्थांना मुदतीचं प्रमाणपत्र देऊन "नंतर पुन्हा तपासू" असं सांगितलं. हा आजार उलटत नाही, हे त्यांना आम्ही लेखी कळवलं. अनुसूचीत नाव यावं म्हणून आम्ही अर्ज करतो. ज्या घरातला रुग्ण गेला तिथलं बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मशीन पुढच्या घरी पोचवतो. आणि स्टेम सेलचे (मूळ पेशींचे) उपचार विकणाऱ्यांपासून लोकांना लांब ठेवतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एएलएससाठी ते मान्य उपचारांत बसत नाही, तरी लोक जमीन विकून पैसे भरतात. रिल्युझोल हे औषध घ्या, त्याने आयुष्याचे काही महिने वाढतात, तेही कमी नाहीत. शिक्षकाला हे काम जमतं, कारण न समजलेली गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची त्याला सवय असते.

दोन गोष्टी राहिल्या. वरचं सगळं अनुदानित शाळेचं झालं. विनाअनुदानित असेल तर कलम २० (४) असं सरळ लागू होत नाही, वकिलाला विचारा. आणि माझा आजार हातापासून सुरू झाला, हळू चालला. ताईंना बोलायला किंवा गिळायला आधीच त्रास असेल, झोपेत श्वास अपुरा पडत असेल, तर रुग्णांचं काम राहू दे. आधी फुप्फुसांची तपासणी करून घ्या, पोटात अन्न पोचवणाऱ्या नळीबद्दल सल्ला घ्या, आणि त्यांचा आवाज स्पष्ट आहे तोवर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

सर्व्हिस बुकाच्या प्रत्येक पानाची साक्षांकित प्रत या आठवड्यात मागा. पदबदलाचा अर्ज मुख्याध्यापकांच्या हातात देऊन आवक क्रमांक घ्या, आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, मी माझा देते.