सांकेतिक कसलं, पाळण्यातलं नाव!

प्रश्न असा आला आहे: "मी मुक्त सॉफ्टवेअरबद्दल मराठीत लिहितो. 'डेबियन १३, कोडनेम ट्रिक्सी' यातल्या कोडनेमला सांकेतिक नाव म्हणावं, संकेतनाम म्हणावं की गुप्तनाव? ही नावं ठरतात तरी कशी? आणि 'ट्रिक्सी आलं' लिहावं की 'ट्रिक्सी आली'?"

तिन्ही नकोत. 'गुप्तनाव' तर मुळीच नको, आणि हल्ली बातम्यांत तेच जास्त दिसतं म्हणून आधी त्याचा निकाल लावू. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तेव्हा तिच्या पुढच्या दोघींची नावंही जगजाहीर होती: चौदावी फोर्की, पंधरावी ड्यूक. जे नाव आवृत्तीच्या कितीतरी आधी दवंडी पिटून सांगतात, त्यात गुप्त काय आहे? लष्करी मोहिमेला असतं ते गुप्तनाव. एखादी कंपनी बाजारात न आलेल्या यंत्राला आतल्या आत ठेवते तेही गुप्तनाव. तिथे झाकायचं काहीतरी असतं. मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा कारभार चव्हाट्यावर चालतो.

'सांकेतिक' त्याहून फसवं, कारण ते विद्वान दिसतं. संकेत म्हणजे आधी आपसांत ठरवून ठेवलेली खूण. जुन्या काव्यातली अभिसारिका रात्री निघते ती संकेतस्थळी. (त्याच शब्दाची आपण वेबसाइट केली. त्याला माझी हरकत नाही, उलट गंमतच वाटते.) नैयायिकांनी तर शब्द आणि अर्थ यांच्या नात्यालाच संकेत म्हटलं: या शब्दाने हा अर्थ समजावा असं ठरलेलं आहे, म्हणून तो समजतो. या हिशेबाने जगातलं एकूण एक नाव सांकेतिकच. गणपतराव हेसुद्धा. मग कोडनेमला ते विशेषण चिकटवून आपण नवीन काय सांगितलं? परिभाषा घडवणाऱ्या मंडळींची ही जुनी खोड आहे. इंग्रजी शब्दाचे दोन तुकडे करायचे, 'कोड'ला संकेत, 'नेम'ला नाम, आणि जोडून मोकळं व्हायचं. वस्तू काय काम करते हे कोणी उठून बघत नाही.

तर बघू. डेबियन प्रकल्प १९९३ सालचा. १९९५ च्या डिसेंबरात काय झालं, की एका सीडीविक्रेत्याने सर्व्हरवर पडलेली अर्धीकच्ची आवृत्ती उचलली आणि '१.०' म्हणून विकायला काढली. डेबियनवाल्यांना जाहीर करावं लागलं की बाबांनो, हे आमचं १.० नव्हे. तो आकडा इतका बाटला की खरं १.० कधी निघालंच नाही. जून १९९६ मध्ये थेट १.१ आलं, आणि त्याचं नाव होतं बझ. पुढे रिवाज असा पडला की आवृत्ती तयार होत असताना तिच्या फोल्डरला नावाने ओळखायचं, आकडा चिकटतो तो ती पूर्ण होऊन बाहेर पडते तेव्हा. आकडा दिसला की माणूस समजतो, माल तयार आहे. 'बझ' वाचून तसा गैरसमज होत नाही. कोडनेमचं काम ते एवढंच.

नावं कुठून आली हे बहुतेकांना ठाऊक असतं म्हणून भराभर सांगतो: 'टॉय स्टोरी'. तेव्हा डेबियनची धुरा होती ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आणि त्यांची नोकरी होती हा चित्रपट काढणाऱ्या पिक्सारमध्ये. चित्रपट नोव्हेंबर १९९५ चा, म्हणजे ताजाच. बझ, रेक्स, बो, हॅम, स्लिंक, पोटॅटो, वूडी, सार्ज अशी खेळण्यांची रांग लागली ती आजतागायत. एक नाव मात्र कायम मागे ठेवलेलं आहे: सिड. शेजारचा तो खेळणी मोडणारा पोरगा. जिथे नवे बदल आधी येऊन पडतात आणि रोज काहीतरी मोडतं, त्या अस्थिर शाखेचं नाव सिड. ती कधीच 'निघत' नाही. यावर एक शहाणपण फिरतं की सिड म्हणजे 'स्टिल इन डेव्हलपमेंट'ची आद्याक्षरं. ही मागाहून बसवलेली फोड आहे. तिला व्युत्पत्ती म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना चित्रपट पुन्हा बघायला सांगतो.

लिंगाचं विचारलंत. ट्रिक्सी आली, बुकवर्म (डेबियनची बारावी) आला, उबुंटू (डेबियनवरच बेतलेली दुसरी प्रणाली) आलं. जिभेवर येतं तेच बरोबर. ट्रिक्सी चित्रपटातही मुलगीच आहे, निळी ट्रायसेराटॉप्स, आणि मनात अध्याहृत असलेली 'आवृत्ती'ही स्त्रीलिंगी. पुढे.

उबुंटूकडे वळलं की खरी मजा सुरू होते. २००४ साली उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ आणि मंडळी पहिली आवृत्ती किती दिवसांत काढायची हे बोलत होती. सहा महिने, असं ठरलं. सहा महिन्यांत घासूनपुसून काय होणार, असं कोणी म्हणालं, तेव्हा उत्तर आलं की मग तिला चामखिळीवालं रानडुक्करच म्हणू. इंग्रजीत 'वॉर्टी वॉर्टहॉग'. ऑक्टोबर २००४ मध्ये ४.१० या आकड्याने ते डुक्कर बाहेर पडलं. आपली 'चामखीळ' मात्र त्या 'वॉर्ट'पेक्षा किती देखणी आहे पाहा. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतलं 'चर्मकील', म्हणजे चामडीत ठोकलेली खीळ, तेच घासत घासत चामखीळ झालं. दाराची खीळ, बैलगाडीची खीळ आणि मानेवरची चामखीळ या सख्ख्या बहिणी.

तेव्हा उबुंटूवाले इतके रंगात होते की आवृत्तीआधीच्या चाचणीच्या सीडींनाही त्या त्या जनावराच्या कळपाचा इंग्रजी शब्द देत. रानडुकरांचा 'साउंडर', साळिंदरासारख्या हेजहॉगचा 'ॲरे', बॅजरांची 'कॉलनी', बदकांची 'फ्लाइट'. नंतर तो उत्साह संपला आणि सरळ 'अल्फा' आलं. वाईट वाटलं. थवा, कळप, तांडा, खिल्लार असा भेद जपणाऱ्या भाषेतल्या माणसाला वाटणारच.

आकड्यांचं इथे वेगळं गणित आहे. ४.१० म्हणजे २००४ चा दहावा महिना. थोडक्यात, आकडा ही जन्मतारीख, आणि जन्मतारीख जन्माआधी कशी लिहिणार? डॅपर ड्रेक ही आवृत्ती ६.०४ म्हणून यायची होती, सहा आठवडे लांबली आणि ६.०६ झाली. नाव जिथल्या तिथे राहिलं, आकडा बदलला. कोडनेम म्हणजे गुप्तनाव म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा. इथे लपवालपवी नाही, जन्माआधी हाक मारायची सोय आहे.

ड्रेकच्या आधी अक्षरांना शिस्त नव्हती: वॉर्टहॉग, हेजहॉग, बॅजर, म्हणजे डब्ल्यू, एच, बी. ड्रेकच्या डीपासून मात्र इंग्रजी वर्णमाला ओळीने सुरू झाली. विशेषण आणि प्राणी दोघांचं पहिलं अक्षर एकच, आणि ते अक्षर आधीच नेमून दिलेलं. ही पद्धत नवी आहे असं मला सांगू नका. ही आपली नावरसाची पद्धत आहे.

आता नावरस हा शब्द. लोक सर्रास 'नवरस नाव' लिहितात आणि शृंगार-वीर-करुणाशी त्याचा संबंध जोडतात. नऊ रसांचा इथे काही संबंध नाही. दुसरे म्हणतात, नावाचा रस म्हणजे नावाचं सार. तेही ओढूनताणून. माझं मत ठाम आहे: हा नाव आणि रास यांचा जोड, नाव-रास, आणि जोडशब्दात मागचा 'रा' आखूड झाला. बाळाच्या जन्मनक्षत्राचं चरण पाहून पहिलं अक्षर काढतात, त्या अक्षरावरून रास कळते, म्हणून नावरस. लग्नाच्या वेळी पत्रिका नसली तर 'नावरसावरून बघू' म्हणतात ते याच कारणाने. रस काढायचा असेल तर ऊस आहे.

अक्षर काढायचं ते कोष्टक म्हणजे अवकहडा चक्र. पंचांगात हे नाव दिसलं की लोकांना ते एखाद्या अवघड ऋषीचं वाटतं. अहो, ती नुसती अक्षरं आहेत! अ, व, क, ह, ड. पहिल्या ओळीची पाच अक्षरं सलग म्हटली की झालं अवकहड. पुढच्या ओळी मटपरत, नयभजख, गसदचल. ग्रीकांनी अल्फा आणि बीटा जोडून वर्णमालेला नाव दिलं, तशीच ही रीत. आणि खरी मेख पुढे आहे. आज आपण नक्षत्रं अश्विनीपासून मोजतो. अश्विनीची अक्षरं चू, चे, चो, ला. मग कोष्टकाचं नाव 'च'ने का सुरू होत नाही? कारण अ, ई, उ, ए ही कृत्तिकेची अक्षरं आहेत, आणि नक्षत्रांची जुनी वैदिक यादी कृत्तिकेपासूनच सुरू होते. मोजणी पुढे सरकली, कोष्टकाचं नाव जुन्या जागी रुतून बसलं. असे शब्द मला सोन्याच्या नाण्यापेक्षा प्रिय आहेत.

अवकहडात अडचणीची अक्षरंही आहेत. आर्द्रेच्या वाट्याला कू, घ, ङ, छ. ङ वरून कोणाचं नाव ठेवणार? हस्ताला पू, ष, ण, ठ. गुरुजी अशा वेळी जवळचं अक्षर देऊन वेळ मारून नेतात. उबुंटूला ती पळवाट नाही. यू आला तेव्हा खऱ्या प्राण्यांचा नाद सोडून त्यांनी युनिकॉर्न घेतला. झेडला झापस नावाचा उड्या मारणारा उंदीर सापडला. एक्सला झेरस ही आफ्रिकेतली जमिनीवरची खार, आणि तिच्या आधी विशेषण 'झीनियल', म्हणजे पाहुण्याचं अगत्याने स्वागत करणारी. ग्रीक 'झेनोस' म्हणजे परका आणि पाहुणाही. अक्षराच्या सक्तीमुळे एवढा सुंदर शब्द धूळ झटकून बाहेर आला.

फरक एक आहे, तो मान्य करतो. आपल्याकडे जन्मवेळेवरून अक्षर ठरतं, त्यांच्याकडे जन्मवेळ नक्की व्हायच्या आत अक्षर ठरलेलं असतं. पण नाव कोणालाही सुचवता येतं आणि पहिलं अक्षर मात्र कोणालाच निवडता येत नाही, ही गंमत दोन्हीकडे सारखी. म्हणून माझा शब्द 'पाळण्यातलं नाव'. लेखात पहिल्यांदा तसं लिहा, पुढे नुसतं 'नाव' पुरतं. कोणी 'टोपणनाव' सुचवेल. टोपण म्हणजे झाकण. बालकवी, कुसुमाग्रज ही टोपणनावं, मूळ नावावर बसवलेली. इथे मूळ नाव कुठे आहे झाकायला?

बाकीच्यांचं थोडक्यात. लिनक्स मिंट या प्रणालीत सगळ्या बायकांची नावं, शेवटी 'आ'. २००६ ची पहिली एडा, म्हणजे ए. अक्षराचा क्रमांक आणि आवृत्तीचा आकडा सतराव्या कियानापर्यंत नेमका जुळत होता. याच यादीत तेरावी माया, एकोणिसावी तारा आणि २०.२ उमा. नियमात बसली म्हणून आलेली ही नावं, पण उमा वाचून मला राहवेना. पार्वती तपाला निघाली तेव्हा आई म्हणाली, "उ, मा", म्हणजे "अगं, नको", आणि तेच तिचं नाव पडलं, असं कालिदासाने कुमारसंभवात सांगितलं आहे. भाषाशास्त्री यावर नाक मुरडतात. संस्कृतात उमा म्हणजे अळशी, हे त्यांनी दाखवून दिलं आहे आणि ते बरोबरही असेल. तरी बोलता बोलता तोंडातून गेलेला शब्द नाव होऊन बसतो, हे कालिदासाचं निरीक्षण खोटं नाही. वॉर्टहॉगचं तेच झालं. ओपनस्टॅक या क्लाउड चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरचंही. त्यांचा नियम असा होता की जिथे परिषद भरते तिथल्या आसपासचं गावाचं किंवा जागेचं नाव घ्यायचं. पहिली आवृत्ती २०१० ची, ऑस्टिन. पण डेन्व्हरला हॉटेलच्या शेजारून रेल्वे जायची, भोंग्यांनी सगळे वैतागले, त्यावर थट्टा सुरू झाली आणि एका आवृत्तीचं नावच 'ट्रेन' पडलं. २०२२ साली वाय या अक्षरावर त्यांनी 'योगा' आणलं. इंग्रजीत ठीक. मराठी लेखात कृपा करून 'योग' लिहा.

फेडोरा या आणखी एका लिनक्स प्रणालीने प्रत्येक नावाचा आधीच्या नावाशी धागा जुळवायचा नियम केला होता. एकोणिसावी आली 'श्रोडिंगर्स कॅट'. मूळ लिपीत त्या नावात 'ओ' या अक्षरावर दोन टिंबं आणि मध्ये अपॉस्ट्रॉफी. काही साधनं तिथेच अडखळली. विसाव्या 'हायझेनबग'नंतर, म्हणजे २०१३ नंतर, नावंच बंद. अँड्रॉइडनेही २०१९ मध्ये आवृत्त्यांना मिठायांची नावं जाहीरपणे देणं थांबवलं. आत मात्र चालूच आहेत. तिथे 'गुप्तनाव' म्हणालात तर मी ऐकून घेईन.

उबुंटूची वर्णमाला २०१७ मध्ये झेडवर संपली आणि पुन्हा एपासून सुरू झाली. २६.०४ ला आरचा रॅकून मिळाला. दर सहा महिन्यांचा शिरस्ता टिकला तर एक्स २९.०४ ला येईल. झेरस वापरून झाली आहे. दक्षिण अमेरिकेत झेनॉप्स नावाचा एक छोटा तपकिरी पक्षी आहे, सालीतले किडे टिपणारा. तो अजून मोकळा आहे. विशेषण तुम्ही शोधा.