सव्वा महिन्याआधी जुळ्यांना तपासणीला न्यावे का?

प्रश्न : आमच्या जुळ्या मुली बत्तिसाव्या आठवड्यात जन्मल्या; वजन १५०० आणि १७०० ग्रॅम होते. अतिदक्षता विभागातून त्या नुकत्याच भांडुपला घरी आल्या असून आज २३ दिवसांच्या आहेत. डिस्चार्ज कार्डावर डोळे, कान आणि वजन यांसाठी तीन निरनिराळ्या तारखा आहेत. सव्वा महिना होईपर्यंत बाळांना उंबऱ्याबाहेर काढू नये, असे सासूबाई म्हणतात. यजमानांची रजाही संपली आहे. तपासण्या पुढे ढकलल्या तर चालतील का?

उत्तर : डोळ्यांची तपासणी ढकलू नका, बाकीच्या तारखांबाबत डॉक्टरांशी बोलता येईल. चौतीस आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोंहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात, आणि त्या पुढे वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. या विकाराला आरओपी म्हणतात. डोळा बाहेरून निरोगीच दिसत असल्याने घरात कोणाला शंका येत नाही, आणि उपचाराची वेळ एकदा टळली की ती परत येत नाही. म्हणून पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. सव्वा महिन्याआधीच ही मुदत संपते, एवढे सासूबाईंना शांतपणे सांगा. बाळांना गर्दीपासून जपण्याचा त्यांचा आग्रह मात्र रास्त आहे. तो बारशाआधी बाळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत त्यांनी जरूर चालवावा. पहिल्या वेळी ‘ठीक आहे’ असे सांगितले, तरी रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर बोलावतील तेव्हा पुन्हा जावे लागते.

कानांची तपासणी आणि वजन त्याच दिवशी, त्याच इमारतीत होईल का, हे आधी फोन करून विचारा. दोन बाळांच्या आईला तीन फेऱ्या परवडत नाहीत. लोकलऐवजी टॅक्सीने जा आणि एका बाळासाठी एक मोठे माणूस असा हिशेब ठेवा. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम व्हायला वेळ लागतो, त्यामुळे तपासणीआधी दूध केव्हा पाजावे हेही विचारून घ्या.

घरी दोघींसाठी दोन वह्या ठेवा. रात्री तीनच्या सुमारास लोहाचे किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब एकीलाच दोनदा दिले जाण्याची भीती जुळ्यांच्या घरी खरीच असते. एकीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावणे हा साधा, पण खात्रीचा उपाय आहे. वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावे. धाकटीची तुलना थोरलीशी न करता तिच्या स्वतःच्या मागच्या वजनाशी करावी. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. मान धरणे, बसणे यांचे वय मात्र आठ आठवडे वजा करून मोजावे. बाळगुटी, मध आणि धुरी नको. उघड्या छातीशी बाळ धरण्याचे काम यजमानांनी संध्याकाळी करावे, सासूबाईंनाही ते जमेल.

दूध ओढणे बंद झाले, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, अंग गार किंवा ढिले पडले, किंवा ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला, तर कार्डावरच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्या. वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.