शेजच्या माणसांनी कोर्टच का अडवले?

प्रश्न : अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा डॅनियल शेज शेतकरी होता, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता, पेलहॅम गावाच्या कारभारातही होता. असा माणूस १७८६ मध्ये आपल्याच राज्याविरुद्ध का उठला? राग करांचा, मग कोर्ट का अडवले?

उत्तर : जप्ती कोर्टातून येई म्हणून. सावकाराने दावा लावायचा, दिवाणी न्यायालयाने निकाल द्यायचा, की शेरीफ, म्हणजे जप्ती बजावणारा अधिकारी, गुरे नाहीतर जमीन लिलावात काढायला मोकळा. न्यायाधीश बसलेच नाहीत तर निकाल कसला आणि जप्ती कसली? २९ ऑगस्टला नॉर्थॅम्प्टनला जमावाने हेच केले. शेज पुढे आला तो सप्टेंबरात, स्प्रिंगफिल्डला.

करांचे दुखणे याहून खोल होते. सैनिकांना पगारापोटी सरकारी रोखे मिळाले होते. घरात रोकड नाही, म्हणून बहुतेकांनी ते मिळेल त्या भावात विकून टाकले. पुढे राज्याने हेच रोखे बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या दराने फेडायचे ठरवले आणि त्यासाठी कर मागितला तो सोन्याचांदीच्या नाण्यांत. पेलहॅमसारख्या डोंगरगावात देणीघेणी धान्यावर, गुरांवर, मजुरीवर भागत. नाणे आणायचे कुठून? ज्याने रोखा मातीमोल विकला, त्यानेच आता तो घेणाऱ्याची भर करायची. बंडखोरांना ‘कर्जबुडवे’ म्हणून मोडीत काढणारे हा हिशेब सोयीने विसरतात.

प्रश्न : स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावरचा बंडखोरांचा हल्ला का फसला?

उत्तर : चिठ्ठी भलत्याच हाती पडली म्हणून. शेज पूर्वेकडून आणि बंडाचा दुसरा पुढारी ल्यूक डे नदीपलीकडच्या वेस्ट स्प्रिंगफिल्डहून, असा एकाच वेळी चाल करण्याचा बेत होता. डेने ‘एक दिवस थांबा’ असे कळवले, पण ती चिठ्ठी शस्त्रागार राखणाऱ्या जनरल शेपर्डच्या माणसांनी पकडली. २५ जानेवारी १७८७ ला शेज डेशिवायच चालून आला. शेपर्डच्या तोफांचे पहिले बार डोक्यांवरून गेले, नंतरचे छर्रे थेट रांगेत घुसले. चौघे मेले, बाकीचे पांगले. मग ४ फेब्रुवारीच्या सकाळी पीटर्सहॅमला राज्याच्या फौजेच्या जनरल बेंजामिन लिंकनने त्यांना गाठले. रात्रभर हिमवादळातून तो सुमारे ३० मैल चालत येईल, असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पहारा ढिला होता.

प्रश्न : शेजला फाशी झाली का?

उत्तर : नाही. तो व्हरमाँटला निसटला, १७८८ मध्ये त्याला माफी मिळाली आणि १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्पार्टा गावी तो वारला. उतारवयात युद्धसेवेचे पेन्शनही मिळाले. साध्या बंडखोरांना राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन सुटता येई, पण तीन वर्षे मतदान बंद, सार्वजनिक पद बंद, शाळेत शिकवणे आणि खानावळ चालवणेही बंद.